चाळिशीत एडीएचडी कळला. आता गोळी घ्यायची का?

गेल्या काही वर्षांत मोबाइलवर एडीएचडीच्या रील्सचा पूर आला आहे. किल्ल्या विसरता? दहा कामं सुरू करून एकही संपत नाही? समोरचा बोलत असताना मन भलतीकडेच जातं? काही जण हसून पुढे सरकतात, काही जणांची झोप उडते. त्यातले थोडे खरोखर डॉक्टरांकडे जातात आणि पस्तिशी-चाळिशीत निदान हातात पडतं. दुसरी वाट मुलांकडून येते. शाळेने समुपदेशकाकडे पाठवलेलं असतं आणि मुलासाठी दिलेली प्रश्नावली भरता भरता आईच्या लक्षात येतं, की हे सगळं तर माझ्याचबद्दल विचारतायत.

निदानानंतर लगेच उभा राहतो तो गोळीचा प्रश्न. ठाण्यात तो अंमळ जडच असतो. इथलं मनोरुग्णालय 1901 सालचं. 'ह्याला ठाण्याला पाठवा' ही थट्टा सगळ्या महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या केली. त्यामुळे नौपाड्यात काय नि वर्तकनगरात काय, 'मानसोपचारतज्ज्ञ' म्हणताना माणसाचा आवाज आपोआप खाली जातो. याच शहरात आयपीएचसारखी (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) संस्था 1990 पासून मनाच्या आरोग्यावर उघडपणे बोलते आहे, तरीही. औषधाबद्दलचा निर्णय दबक्या आवाजात, अर्धवट माहितीवर घेतला जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

हा नेमका काय प्रकार आहे?

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. मेंदूच्या जडणघडणीतच असलेला हा फरक आहे. नावावरून वाटतं की या माणसांना लक्षच देता येत नाही, पण आवडीचं काम असेल तर हीच माणसं जेवणखाण विसरून तासन्‌तास बसतात. अडचण असते ती लक्ष हवं तिथे वळवण्याची, नको तिथून काढण्याची, आणि कंटाळवाणं काम सुरू करून तडीस नेण्याची.

संध्याकाळचा तीन हात नाका डोळ्यांसमोर आणा. चारी बाजूंनी गाड्या आल्या आहेत आणि मधोमध एक हवालदार शिट्टी वाजवतो आहे. गाड्या म्हणजे आपले विचार, आवाज, आठवणी, मोबाइलचे टणटण. हवालदार म्हणजे कपाळामागचा मेंदूचा भाग, जो कुणाला सोडायचं आणि कुणाला थांबवायचं ते ठरवतो. एडीएचडीत हवालदार हजर असतो, हुशारही असतो, पण त्याची शिट्टी क्षीण वाजते. मग ज्याचा हॉर्न मोठा, तो आधी निघतो. ही शिट्टी चालते डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन या दोन रसायनांवर, आणि औषधांचा रोख याच दोघांवर असतो.

हा प्रकार घराण्यातून येतो. जुळ्यांच्या अभ्यासांमध्ये त्यातला आनुवंशिकतेचा वाटा 70 ते 80 टक्के आढळला आहे. प्रौढांमध्ये साधारण शंभरात दोन-तीन जणांना तो असतो, असं जगभरच्या पाहण्या सांगतात.

'असं तर सगळ्यांनाच होतं!'

घरातून येणारा हा पहिला शेरा. त्यात तथ्य आहे, म्हणून तो उडवून लावू नये. विसरणं, टाळाटाळ, चुळबुळ कुणाला चुकली आहे? म्हणूनच निदानाचे निकष कडक आहेत. 2013 पासून वापरात असलेल्या डीएसएम-5 या नियमावलीनुसार प्रौढांमध्ये लक्ष न टिकण्याची किंवा अतिचंचलतेची किमान पाच लक्षणं सहा महिन्यांहून जास्त काळ असावी लागतात. त्यांतली काही वयाच्या बारा वर्षांआधीपासून दिसलेली हवीत. घर आणि ऑफिस अशा किमान दोन ठिकाणी ती जाणवायला हवीत आणि त्यांनी आयुष्याचं खरंच नुकसान केलेलं हवं.

बारा वर्षांची अट फार महत्त्वाची आहे. गेल्या वर्षीपासून लक्ष लागत नसेल, तर कारण बहुधा दुसरंच असतं: थायरॉइड, बी-12 किंवा लोहाची कमतरता, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, चिंता, बायकांमध्ये रजोनिवृत्तीचा काळ. चांगला डॉक्टर आधी हे तपासतो, आणि जुनी प्रगतिपुस्तकंही मागतो. माझी मावसबहीण मानपाड्याला राहते, ऐरोलीला आयटी कंपनीत काम करते. तिच्या आईने कपाटाच्या वरच्या खणातून तिची प्रगतिपुस्तकं काढली, तेव्हा दुसरीपासून आठवीपर्यंत जवळजवळ प्रत्येक पानावर एकच शेरा निघाला: 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' अक्षरं वेगवेगळ्या बाईंची, वाक्य तेच.

मग इतकी वर्षं कुणाला कसं कळलं नाही? कारण ती वर्गात उड्या मारत नव्हती. खिडकीबाहेर बघत बसणारी मुलगी शिक्षकांना त्रास देत नाही. हुशारीवर मार्क मिळत गेले, आई डबा, दप्तर, परीक्षेची तारीख सगळं सांभाळत होती. पुढे नोकरी, सासर, मूल, घराचे हप्ते असं सगळं एकदम अंगावर आलं आणि तोवर पुरत असलेली शक्ती संपली. महावितरणचं बिल पैसे असूनही दर महिन्याला उशिरा भरलं जायचं आणि त्यावरून घरात भांडण व्हायचं. बायकांचं निदान इतक्या उशिरा का होतं, याचं मोठं कारण या शांत चेहऱ्यात आहे, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. 'आळशी', 'वेंधळी', 'आरंभशूर' हे शब्द वीस-वीस वर्षं ऐकले, की माणूस ते स्वतःबद्दल खरे मानायला लागतो.

गोळी करते काय?

मुख्य औषध मिथाइलफेनिडेट. 1944 साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझ्झोन या रसायनतज्ज्ञाने ते तयार केलं आणि पत्नी मार्गरीट, म्हणजे 'रीटा', हिच्या नावावरून त्याला रिटालिन हे नाव पडलं. त्याच्याही आधी, 1937 मध्ये, अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरने उत्तेजक औषध दिल्यावर काही मुलं शांत होऊन अभ्यासाला बसतात, अशी नोंद केली होती. थोडक्यात, या वर्गातल्या औषधांचा अनुभव ऐंशी वर्षांहून जुना आहे.

मिथाइलफेनिडेट डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन पेशींमध्ये परत शोषलं जाण्याला अडथळा आणतं, त्यामुळे ती दोन्ही रसायनं जास्त वेळ कामावर राहतात. हवालदाराची शिट्टी खणखणीत वाजू लागते. साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात लागू होते आणि तीन-चार तासांत उतरते. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या जास्त वेळ, काही तर जवळपास बारा तास चालतात. रात्री औषध शरीरातून बहुतांश गेलेलं असतं. दुसरं औषध अ‍ॅटोमॉक्सेटिन. ते उत्तेजकांच्या वर्गातलं नाही, रोज घ्यावं लागतं आणि पूर्ण गुण यायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. ज्यांना फार चिंता आहे किंवा पूर्वी व्यसन होतं, त्यांच्यासाठी डॉक्टर बऱ्याचदा याचा विचार करतात. अमेरिकन रील्समध्ये सतत ऐकू येणारं अ‍ॅडरॉल हे अ‍ॅम्फेटामाइन आहे. ते भारतात औषधाच्या दुकानात मिळत नाही, त्याच्या मागे लागू नका.

गुण किती येतो? 2018 साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'मध्ये 133 चाचण्या एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं. प्रौढांमध्येही ही औषधं औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, मिथाइलफेनिडेटचा परिणाम मध्यम आकाराचा निघाला. तो आकडा सुमारे तीन महिन्यांच्या उपचारांचा आहे हेही लक्षात ठेवायचं. काहींना पहिल्या आठवड्यातच जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो, काहींना थोडा, काहींना काहीच नाही.

आणि जे गोळी करत नाही तेही सांगायला हवं. कामासमोर बसलेल्या माणसाला ती काम सुरू करायला बळ देते, पण काम कोणतं करायचं ते ठरवत नाही. गोळी लागू झाल्यावर हातात मोबाइल असेल, तर माणूस तीन तास अत्यंत एकाग्रतेने मोबाइलच बघतो. वीस वर्षांत साचलेल्या सवयी, उरलेली कर्जं, दुखावलेली नाती यांच्यावर वेगळं काम करावं लागतं.

'गोळीने फरक पडला, म्हणजे मला एडीएचडी आहेच' हा समजही चुकीचा आहे. उत्तेजक औषधाने ज्याला काहीही नाही त्यालाही तरतरी येते. मित्राच्या पाकिटातली एक गोळी घेऊन केलेली परीक्षा म्हणजे निदान नव्हे, आणि ती धोक्याची आहे.

'हृदयावर परिणाम होईल का?'

हा प्रश्न रास्त आहे. या औषधांनी नाडी मिनिटाला सरासरी काही ठोक्यांनी वाढते आणि रक्तदाब थोडा चढतो. बहुतेकांना त्याने काही होत नाही. ज्याचा रक्तदाब आधीच जास्त आहे, त्याच्यासाठी मात्र हा 'थोडा' महत्त्वाचा ठरतो. स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या नोंदींच्या अभ्यासात दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाब आणि रक्तवाहिन्यांचे विकार काहीसे जास्त आढळले. हृदयाच्या ठोक्यांच्या बिघाडात तशी ठोस वाढ दिसली नाही.

म्हणून औषधाआधी रक्तदाब, नाडी आणि वजन मोजलंच पाहिजे. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का, कधी चक्कर येऊन पडलात का, छातीत धडधड होते का, हे विचारलं गेलं पाहिजे. यातल्या एकाचं उत्तर हो असेल तर ईसीजी आणि हृदयरोगतज्ज्ञांचं मत. काचबिंदू, वाढलेला थायरॉइड, पूर्वी कधी भास झाले असतील किंवा द्विध्रुवी (बायपोलर) विकार असेल, तर ते आधी सांगा. तिथे औषधाचा विचारच वेगळ्या पद्धतीने होतो. इतर गोळ्याही सांगा. उदाहरणार्थ, नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिनसोबत अ‍ॅटोमॉक्सेटिनची रक्तातली पातळी खूप वाढू शकते. डॉक्टरांनी यातलं काहीच न विचारता दहा मिनिटांत चिठ्ठी लिहिली, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. हे मी ठामपणे म्हणते.

रोजचे त्रास वेगळे. भूक मरणं, झोप उशिरा लागणं, तोंड कोरडं पडणं, डोकं दुखणं, गोळी उतरताना संध्याकाळी चिडचिड. अ‍ॅटोमॉक्सेटिनने मळमळ होते, काही पुरुषांना लघवीला अडचण येते. भुकेवरचा साधा उपाय असा की नाश्ता आधी आणि गोळी नंतर. कडक उपवास करणाऱ्यांनी ते डॉक्टरांना सांगून ठेवावं. ऑफिसखालच्या टपरीवर दिवसाला सहा-सात कटिंग होत असतील, तर तेही कमी करावे लागतात, कारण कॅफिन आणि औषध मिळून धडधड वाढते.

'हे ड्रगच ना? सवय लागली तर?'

मिथाइलफेनिडेट भारतात शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत आहे आणि एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीतही. म्हणजे चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षं ठेवतो, औषध कुलपात ठेवतो. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार डॉक्टर हे औषध व्हिडिओ कॉलवर लिहून देऊ शकत नाहीत, प्रत्यक्षच जावं लागतं. समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ औषध देऊ शकत नाहीत. त्यासाठी एमडी किंवा तत्सम पदवी असलेल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं.

मावसबहिणीला नौपाड्यातल्या काही दुकानांतून 'आम्ही ठेवत नाही' ऐकून परत यावं लागलं. मोठ्या रुग्णालयाला लागून असलेल्या दुकानात औषध मिळालं. दुकानदाराने चिठ्ठी दोनदा वाचली, दुसरी प्रत मागितली, तिच्यावर शिक्का मारला, रजिस्टरमध्ये नाव-पत्ता लिहून घेतला आणि आतलं लोखंडी कपाट उघडलं. तिला चोरी पकडल्यासारखं झालं होतं. तो न विचारता म्हणाला, "ताई, नियम आहे. तुमच्यावर संशय नाही." प्रत्येक दुकानात असा माणूस भेटायला हवा.

इतकी कडक व्यवस्था आहे, कारण गैरवापर खरंच होतो. गोळ्यांची भुकटी करून ओढली किंवा फार मोठ्या मात्रेत घेतली, तर मेंदूतलं डोपामिन एकदम उसळतं, आणि व्यसन त्या उसळीतून लागतं. डॉक्टरांच्या मात्रेत तोंडाने घेतलेली गोळी हळू चढते, म्हणून तो धोका फार कमी राहतो. शून्य होत नाही. ज्यांना पूर्वी दारूचं किंवा इतर व्यसन होतं त्यांनी ते लपवू नये. दुसरी बाजूही आहे: उपचार न झालेल्या एडीएचडीतच तंबाखू, दारू आणि इतर नशेकडे वळण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि औषध घेतल्याने ते वाढतं असं मोठ्या अभ्यासांमध्ये दिसलेलं नाही.

'इतकी वर्षं चाललंच की!'

चाललं, पण कशाच्या जोरावर? रात्री दोनपर्यंत जागून संपवलेली कामं, बॉसची बोलणी, नवऱ्याने किंवा बायकोने मुकाट उचललेला भार. आणि काही धोके डोळ्यांना दिसत नाहीत. अमेरिकेत 23 लाखांहून जास्त एडीएचडीच्या रुग्णांच्या विम्याच्या नोंदी तपासल्या गेल्या, 2017 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध चालू असलेल्या महिन्यांत त्याच माणसांना वाहन अपघातामुळे रुग्णालयात जावं लागण्याचं प्रमाण पुरुषांमध्ये 38 टक्क्यांनी आणि स्त्रियांमध्ये 42 टक्क्यांनी कमी होतं. रोज घोडबंदर रोडवर अवजड ट्रेलरांच्या मधून दुचाकी काढणाऱ्याने हा आकडा जरूर विचारात घ्यावा.

तरीही गोळी न घेण्याचा निर्णय चुकीचा नसतो. त्रास सौम्य असेल, कामाचं स्वरूप आपल्या मेंदूला जुळणारं असेल, किंवा गर्भधारणेचा विचार चालू असेल, तर थांबता येतं. गरोदरपणात आणि स्तनपान करताना तर डॉक्टरांशी नव्याने बोलूनच ठरवावं लागतं. औषधाशिवायचे उपाय गोळी घेणाऱ्यालाही लागतातच. त्यातल्या त्यात चांगला पुरावा आहे तो प्रौढ एडीएचडीसाठी बेतलेल्या सीबीटीचा, म्हणजे विचार आणि सवयींवर टप्प्याटप्प्याने काम करणाऱ्या समुपदेशनाचा. व्यायाम आणि नियमित झोप यांनीही मदत होते. प्राणायाम-ध्यानाने काहींना शांत वाटतं, ते जरूर करावं. पण 'ध्यानाला बस म्हणजे होईल नीट' हे ज्याला पाच मिनिटं जागेवर बसवत नाही त्याला सांगणं निर्दयपणाचं आहे.

'मी मीच राहीन ना?'

विनोदी, उत्साही, भन्नाट कल्पना सुचणाऱ्या माणसाला ही भीती सर्वांत जास्त असते. मात्रा बरोबर असेल तर स्वभाव तसाच राहतो. चेहरा कोरा पडला, हसू आटलं, यंत्रासारखं वाटायला लागलं, तर बहुतेकदा मात्रा जास्त झालेली असते किंवा ते औषध मानवत नसतं. हे सहन करत बसायचं नाही, डॉक्टरांना कळवायचं. गोळी सुरू झाल्यावर काही जणांना खूप रडू येतं, तेही सांगून ठेवते. हे दहावीत मिळालं असतं तर, हा विचार मनात येतो. त्यासाठी समुपदेशकाशी बोलावं. टेलिमानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

पहिले दोन-तीन महिने

औषध सुरू करणं म्हणजे जन्माची गाठ नाही. मिथाइलफेनिडेट साधारण 5 किंवा 10 मिलिग्रॅमच्या छोट्या मात्रेने सुरू होतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी गरजेप्रमाणे वाढवतात. सुरू करण्याआधी आपल्याला नक्की काय बदलायला हवं आहे, अशा दोन-तीन गोष्टी ठरवा आणि त्या मोजता येतील अशा असू द्या. 'एकाग्रता वाढावी' हे मोजता येत नाही. 'बिल तारखेच्या आत भरलं', 'मीटिंगमध्ये कुणाचं वाक्य तोडलं नाही', 'मुलीवर ओरडले नाही' हे मोजता येतं. मावसबहिणीने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात तीन आकडे लिहिले: झोप किती तास, नाडी किती, काम किती जमलं ते दहापैकी. चौथा आकडा नवऱ्याने घातला, संध्याकाळच्या चिडचिडीचा. तो तिच्या अंदाजापेक्षा नेहमी मोठा असायचा. त्यावरूनच डॉक्टरांनी दुपारच्या गोळीची वेळ बदलली. आपली चिडचिड आपल्याला दिसत नाही, म्हणून घरातल्या एकाला यात घ्याच.

मात्रा बदलली की रक्तदाब आणि नाडी पुन्हा मोजायची, पुढे दर सहा महिन्यांनी. वर्षातून एकदा डॉक्टरांसोबत बसून 'हे अजून लागतंय का' असा सरळ प्रश्न विचारायचा, हवं तर त्यांच्या देखरेखीखाली काही दिवस थांबवून बघायचं. परदेशी जायचं असेल, विशेषतः आखाती देशांत, तर तिथे नियंत्रित औषधांसाठी आधी परवानगी काढावी लागते का ते तिकीट काढण्याआधी बघा आणि मूळ चिठ्ठी जवळ ठेवा.

खर्चाचं म्हणाल, तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखीच वागणूक द्यायला सांगितलं आहे. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठीच असतात. ओपीडीची फी आणि महिन्याच्या गोळ्या खिशातूनच जातात, तेव्हा आपल्या पॉलिसीत ओपीडीचं कलम आहे का ते वाचून घ्या. ते परवडणारं नसेल, तर सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीचा रस्ता खुला आहे, आणि ठाण्याच्या त्या सव्वाशे वर्षांच्या मनोरुग्णालयातही दाखल न होता फक्त तपासून घेता येतं.